स्वप्रतिपिंडे आणि रक्तपट्टिकांची संख्या : आयटीपी या रक्तस्रावी विकाराचा परिचय

अहवालाच्या या भागात दरवर्षी एखाद्या विकाराचा विस्ताराने परिचय करून देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदा निवडलेल्या विकाराचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. परंतु त्याच्याशी निगडित असलेला एक आकडा आता घरोघरी परिचयाचा झाला आहे. तो आकडा म्हणजे रक्तपट्टिकांची, म्हणजेच प्लेटलेटची, संख्या. डेंग्यूच्या साथींनी हा शब्द खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचवला. पावसाळा सरता सरता प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी उभे असलेले नातेवाईक एकमेकांना ‘किती आल्या?’ असे विचारताना दिसतात आणि उत्तर ऐकून त्यांचे चेहरे उतरतात किंवा खुलतात. हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घ्यावयाचे असेल, तर ‘इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया’, संक्षेपाने आयटीपी, या विकाराकडे पाहावे. डेंग्यूमध्ये घसरलेली संख्या काही दिवसांत आपोआप सावरते. आयटीपीमध्ये ती महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, खालीच राहू शकते. त्या आकड्याबरोबर जगावे कसे, हा प्रश्न मग केवळ वैद्यकाचा राहत नाही.

रक्तपट्टिका या पूर्ण पेशी नव्हेत. अस्थिमज्जेतील मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशींपासून सुटलेले ते तुकडे होत. त्यांचा व्यास दोन ते तीन मायक्रॉन, आयुष्य सात ते दहा दिवस. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारणतः दीड ते साडेचार लाख असतात आणि ही पातळी राखण्यासाठी अस्थिमज्जेला दररोज सुमारे दहा हजार कोटी नव्या रक्तपट्टिका तयार कराव्या लागतात. रक्तवाहिनीला इजा झाली, की तेथे चिकटून, एकमेकींना धरून, भोक बुजविणे हे त्यांचे पहिले काम. त्या फार कमी झाल्या, तर पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात, दाबले तरी ते फिके होत नाहीत. मार लागल्याचे आठवत नसताना जांभळे डाग दिसू लागतात. दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, नाकाचा घोळणा फुटतो, स्त्रियांना मासिक पाळीत अतिरक्तस्राव होतो. क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो, आणि या विकाराची खरी भीती तीच.

जर्मनीतील हॅनोव्हर येथील वैद्य पॉल व्हेर्लहोफ यांनी अशा डागांच्या विकाराचे वर्णन १७३५ मध्ये केले. त्या वेळी रक्तपट्टिका कोणालाच माहीत नव्हत्या. त्यांचे कार्य इटलीतील जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये स्पष्ट केले आणि त्याच दशकात या रुग्णांच्या रक्तात त्या कमी असतात, हेही लक्षात आले. पुढे १९१६ साली प्राग येथे पॉल काझनेल्सन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एक तर्क मांडला. रक्तपट्टिका प्लीहेत, म्हणजे आपण जिला पांथरी म्हणतो तिच्यात, नष्ट होत असाव्यात. मग ती काढून का टाकू नये? शस्त्रक्रिया झाली आणि रुग्णाच्या रक्तपट्टिका झपाट्याने वाढल्या. पुढील कित्येक दशके प्लीहाछेदन हाच या विकारावरचा मुख्य उपाय राहिला. उपाय सापडला होता; कारण मात्र सापडले नव्हते.

ते सापडले एका धाडसी, आणि आजच्या कोणत्याही नैतिकता समितीने परवानगी दिली नसती अशा, प्रयोगातून. १९५० साली अमेरिकेतील सेंट लुइस शहरात विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टराने आयटीपीच्या एका रुग्णाचे सुमारे ५०० मिलिलिटर रक्त स्वतःच्या शरीरात चढवून घेतले. जेम्स हॉलिंग्सवर्थ हे त्यांचे सहकारी या प्रयोगात सोबत होते. काही तासांतच हॅरिंग्टन यांच्या रक्तपट्टिका धोक्याच्या पातळीखाली, दहा हजारांच्याही खाली, गेल्या. अंगावर ठिपके व डाग उमटले. सुमारे पाच दिवसांनी संख्या पूर्वपदावर आली. पुढे इतर स्वयंसेवकांवर रक्तद्रवाचे प्रयोग झाले व त्यांचे निष्कर्ष १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या अस्थिमज्जेत दोष असो वा नसो, त्याच्या रक्तद्रवात असे काहीतरी आहे, की जे निरोगी माणसाच्या रक्तपट्टिकाही नष्ट करू शकते, एवढे निश्चित झाले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सर्वच रुग्णांच्या रक्तद्रवाने असा परिणाम झाला नव्हता. या अपवादाकडे आपल्याला पुन्हा वळावयाचे आहे.

ते ‘काहीतरी’ म्हणजे प्रतिपिंड होय, हे १९६०च्या दशकात सिद्ध झाले. प्रतिपिंडे ही शरीराची शस्त्रे. जंतू व विषाणू यांच्यावर चालविण्यासाठी ती घडविलेली असतात. शरीराने आपल्याच घटकांविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांना स्वप्रतिपिंडे म्हणतात. आयटीपीमधील स्वप्रतिपिंडे बहुतांशी आयजीजी या वर्गाची असतात. ती रक्तपट्टिकेवर नेमकी कोठे चिकटतात, याचे उत्तर १९८२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी एका वेगळ्याच विकाराच्या मदतीने शोधले. स्वित्झर्लंडमधील बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमन यांनी १९१८ साली वर्णिलेल्या आनुवंशिक विकारात रक्तपट्टिकांची संख्या पुरेशी असते, पण त्यांच्या पृष्ठभागावरील ‘ग्लायकोप्रोटीन टूबी-थ्रीए’ हे प्रथिन नसते किंवा सदोष असते. आयटीपीच्या रुग्णांकडून मिळविलेली प्रतिपिंडे निरोगी रक्तपट्टिकांना चिकटली. ग्लान्झमनच्या विकारातील रक्तपट्टिकांना मात्र बहुसंख्य प्रतिपिंडे चिकटली नाहीत. जे प्रथिन तेथे नव्हते, तेच लक्ष्य होते! ग्लान्झमनच्या विकाराचे रुग्ण आपल्याकडेही आढळतात आणि मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत त्यांचा अभ्यास झालेला आहे. एका दुर्मिळ आजाराचे रुग्ण दुसऱ्या आजाराचे कोडे उलगडण्यास कसे उपयोगी पडतात, याचे हे उदाहरण आम्हांला विशेष भावते.

प्रतिपिंड चिकटल्यानंतर काय होते

प्रतिपिंड स्वतः रक्तपट्टिकेला मारत नाही; ते तिच्यावर खूण करते. रक्त प्लीहेतील अरुंद वाटांतून झिरपत असताना तेथील महाभक्षी पेशी ही खूण ओळखतात आणि रक्तपट्टिका गिळून टाकतात. निरोगी शरीरातही सुमारे एकतृतीयांश रक्तपट्टिका कोणत्याही क्षणी प्लीहेत वावरत असतात, त्यामुळे खूण झालेल्यांना तेथून सुटणे कठीण. सात ते दहा दिवसांचे आयुष्य मग काही तासांवर वा एक-दोन दिवसांवर येते. शिवाय प्लीहा नुसते गिळण्याचे ठिकाण नव्हे. गिळलेल्या रक्तपट्टिकेचे तुकडे महाभक्षी पेशी इतर रोगप्रतिकारक पेशींपुढे मांडतात, त्यांतून आणखी प्रतिपिंडे घडविण्याची प्रेरणा मिळते आणि हे चक्र स्वतःलाच पोसत राहते.

ही झाली पाठ्यपुस्तकातील सरळ कथा. गेल्या काही दशकांत तिला दोन फाटे फुटले. काही रुग्णांतील प्रतिपिंडे ‘ग्लायकोप्रोटीन वन-बी’ या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतात. तेव्हा रक्तपट्टिकेच्या पृष्ठभागावरील सियालिक आम्लाचे आवरण गळून पडू शकते आणि अशा उघड्या पडलेल्या रक्तपट्टिका प्लीहेऐवजी यकृतात उचलल्या जातात. प्लीहा काढूनही काहींना गुण का येत नाही, याचे एक संभाव्य स्पष्टीकरण येथे मिळते.

दुसरा फाटा अधिक महत्त्वाचा. मेगाकॅरिओसाइट पेशींच्या पृष्ठभागावरही तीच प्रथिने असतात, म्हणून स्वप्रतिपिंडे कारखान्यावरही हल्ला चढवितात. नाश वाढला असताना उत्पादन अनेक पटींनी वाढावयास हवे. पुष्कळ रुग्णांत ते तसे वाढत नाही. उत्पादनाला चालना देणाऱ्या थ्रॉम्बोपोएटिन या संप्रेरकाची रक्तातील पातळीही या विकारात अपेक्षेइतकी चढलेली नसते. खर्च वाढला आणि उत्पन्न मात्र जेथल्या तेथे, अशी ही घरगुती परिस्थिती. याशिवाय टी-पेशी प्रतिपिंडांच्या मध्यस्थीविनाही रक्तपट्टिकांचा नाश करू शकतात, असे दिसून आले आहे.

प्रतिपिंडांची तपासणी का करत नाही?

रुग्णांचे सुशिक्षित नातेवाईक आम्हांला हा प्रश्न हमखास विचारतात. आजार प्रतिपिंडांचा, मग प्रतिपिंडे मोजून निदान करा, त्यांच्या पातळीवरून उपचार ठरवा. तर्क बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात तो टिकत नाही.

जुन्या चाचणीत रक्तपट्टिकांवरील एकूण आयजीजी मोजले जाई. ते इतर अनेक कारणांनी रक्तपट्टिका कमी झालेल्यांतही वाढलेले आढळे, म्हणून त्या चाचणीचा निदानाला उपयोग होईना. पुढे १९८७ मध्ये ‘मायपा’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी चाचणी विकसित झाली. तीत ठरावीक प्रथिनाला चिकटलेली प्रतिपिंडेच शोधली जातात. ही चाचणी सकारात्मक आली, तर निदानाला चांगली पुष्टी मिळते. पण आयटीपी निश्चित असलेल्या पुष्कळ रुग्णांतही ती नकारात्मक येते. प्रतिपिंडे रक्तद्रवात मोकळी न फिरता रक्तपट्टिकांवर चिकटून प्लीहेत गेलेली असतील, ती चाचणीत न धरलेल्या प्रथिनाविरुद्ध असतील, किंवा नाश टी-पेशींकडून होत असेल. हॅरिंग्टन यांच्या प्रयोगातील अपवाद येथे आठवावा. म्हणून नकारात्मक अहवालाने आयटीपी वगळता येत नाही आणि आम्ही ही चाचणी सरसकट करून रुग्णाच्या खिशाला भार देत नाही.

प्रतिपिंडे आणि रक्तपट्टिकांची संख्या यांचे नाते किती वाकडे आहे, हे गर्भवती स्त्रियांत स्पष्ट दिसते. आयजीजी प्रतिपिंडे वारेतून गर्भाकडे जातात. एखाद्या स्त्रीची प्लीहा पूर्वी काढलेली असते, तिच्या रक्तपट्टिका दीड लाखांच्या वर असतात, ती स्वतःला बरी झालेली समजते. तरीही तिच्या बाळाच्या रक्तपट्टिका कमी असू शकतात. आईच्या शरीरातून नाशाचे मुख्य ठिकाण गेले, प्रतिपिंडे गेलेली नव्हती. बाळाची प्लीहा तर शाबूत आहे. म्हणून प्रसूतीपूर्व नोंदणीच्या वेळी ‘पूर्वी असा आजार होता का, पांथरी काढली आहे का’ हा प्रश्न आमच्या परिचारिका आवर्जून विचारतात. अशा बाळाची संख्या जन्मतः ठीक असली, तरी पहिल्या दोन ते पाच दिवसांत ती आणखी खाली जाऊ शकते, त्यामुळे आई व बाळ यांना घाईने घरी पाठविले जात नाही. प्रसूती नैसर्गिक व्हावी की शस्त्रक्रियेने, हे केवळ या विकारावरून ठरत नाही. ते प्रसूतिशास्त्राच्या नेहमीच्या कारणांवरूनच ठरते.

निश्चित निदान करणारी चाचणी नसल्यामुळे आयटीपीचे निदान इतर कारणे वगळूनच होते. संख्या एक लाखाच्या खाली असावी, हा निकष २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सुचविला. त्याच वेळी नावातील ‘इडिओपॅथिक’, म्हणजे ‘अज्ञात कारणाचा’, हे विशेषण काढून ‘इम्यून’ आले आणि संक्षिप्त नाव तेच राहिले. सर्वप्रथम आमचे रोगनिदानतज्ज्ञ काचपट्टीवरील रक्तलेप स्वतः डोळ्यांनी पाहतात. याचे कारण असे, की रक्त ज्या कुपीत घेतले जाते तिच्यातील ईडीटीए या रसायनामुळे काही व्यक्तींच्या रक्तपट्टिका एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि यंत्र त्यांना मोजतच नाही. अहवालात वीस हजार, प्रत्यक्षात दोन लाख! सायट्रेटच्या कुपीत पुन्हा रक्त घेतले, की बहुधा उलगडा होतो. निव्वळ एका कुपीच्या दोषापायी निरोगी माणसाला स्टिरॉइड सुरू होणे ही अशोभनीय गोष्ट होय. त्यानंतर डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, यकृताच्या आजाराने वाढलेली प्लीहा, ल्यूपस, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी, तसेच क्विनीनसारखी औषधे यांचा विचार होतो. आयटीपीमध्ये प्लीहा सहसा हाताला लागत नाही. ती मोठी लागली, किंवा रक्तलेपात विचित्र पेशी दिसल्या, तर आमचा शोध दुसऱ्या दिशेने सुरू होतो.

आकड्यावर नव्हे, रक्तस्रावावर उपचार

दहा हजार रक्तपट्टिका असलेले दोन रुग्ण शेजारच्या खाटांवर असू शकतात. एकाच्या तोंडात रक्ताचे फोड, दुसऱ्याच्या अंगावर चार-दोन ठिपके. आयटीपीतील रक्तपट्टिका थोड्या असल्या तरी ताज्या व आकाराने मोठ्या असतात आणि जोमाने काम करतात. म्हणून अस्थिमज्जाच निकामी झालेल्या रुग्णापेक्षा आयटीपीचा रुग्ण त्याच आकड्याला कमी रक्तस्राव सोसतो. उलट, क्वचित एखाद्याची प्रतिपिंडे रक्तपट्टिकेचे चिकटण्याचे कामच अडवतात आणि आकडा बरा असूनही रक्त वाहते. वय वाढले, रक्तदाब असला, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके चालू असली, तर धोका वाढतो.

लहान मुलांत हा विकार बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात, एखाद्या साध्या विषाणुसंसर्गानंतर अचानक येतो आणि सुमारे ८० टक्के मुलांत वर्षभरात आपणहून जातो. मेंदूतील रक्तस्राव एक टक्क्याहूनही कमी मुलांत होतो. म्हणून अमेरिकन रक्तविकारतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्तस्राव नसलेल्या किंवा केवळ त्वचेवर डाग असलेल्या मुलावर, आकडा काहीही असो, प्रथम औषधाविना देखरेखच ठेवावी. आई-वडिलांना हे पटविणे हेच आमच्या बालरोग विभागाचे सर्वांत कठीण काम आहे. ‘रिपोर्टमध्ये पंधरा हजार आहेत आणि तुम्ही काहीच देत नाही?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर द्यावयास डॉक्टरांनी वेळ काढलाच पाहिजे. बहुतेक वेळा त्यांची मागणी असते ती रक्तपट्टिका चढविण्याची. पण दात्याच्या रक्तपट्टिकांवरही तीच प्रथिने असतात. प्रतिपिंडे त्यांनाही सोडत नाहीत, आणि काही तासांत त्या नाहीशा होतात. जिवावर बेतलेला रक्तस्राव असेल, तेव्हाच इतर औषधांबरोबर त्या दिल्या जातात. पपईच्या पानांच्या रसाविषयीही आम्हांला विचारले जाते. या विकारात त्याच्यावर विसंबणे योग्य नव्हे.

प्रौढांत विकार पुष्कळदा दीर्घकाळ टिकतो. संख्या तीस हजारांच्या वर असून रक्तस्राव नसेल, तर सहसा निरीक्षण, त्याखाली स्टिरॉइड. प्रेडनिसोलोन स्वस्त आहे व बहुतेकांना प्रारंभी गुण येतो, आणि नेमका त्यातच धोका दडलेला आहे. आकडा घसरला की गोळी वाढवावयाची, असे करता करता वर्षे जातात आणि रुग्ण मधुमेह, ठिसूळ हाडे व मोतीबिंदू घेऊन येतो. हे औषध सहा आठवड्यांपलीकडे रेंगाळू नये, असे वरील सूचना सांगतात.

तातडीची गरज असेल, तेव्हा शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन देतात. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे पॉल इम्बाख यांनी १९८१ मध्ये आयटीपीग्रस्त मुलांवरील त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. निरोगी दात्यांच्या आयजीजीने महाभक्षी पेशींचे दरवाजे भरून टाकावयाचे, म्हणजे खूण झालेल्या रक्तपट्टिकांना वाट मिळते; त्याची क्रिया याहून गुंतागुंतीची आहे, पण मूळ कल्पना ही. परिणाम दोन-तीन आठवडेच टिकतो. आपल्याकडे वापरले जाणारे डॅप्सोन हे कुष्ठरोगावरील जुने, अल्पमोली औषधही काहींना लागू पडते. ते देण्यापूर्वी जी-सिक्स-पीडी या विकराची तपासणी मात्र अनिवार्य आहे. रिटुक्झिमॅब प्रतिपिंडे घडविणाऱ्या पेशींच्या पूर्वजांना हटविते. प्लीहाछेदनाने सुमारे दोनतृतीयांश रुग्णांना दीर्घकालीन लाभ होतो. परंतु आपोआप सुधारणा होण्याची शक्यता लक्षात घेऊन निदान वर्षभर तरी थांबावे, आणि शस्त्रक्रियेपूर्वी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हीमोफिलस यांच्या लसी द्याव्यात, हा नियम आहे.

थ्रॉम्बोपोएटिनच्या १९९४ मधील शोधाचे फळ २००८ साली हाती आले. त्या वर्षी रोमिप्लोस्टिम हे इंजेक्शन व एल्ट्रोम्बोपॅग ही गोळी यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. ही औषधे प्रतिपिंडांना हात लावत नाहीत. नाश चालू राहिला तरी उत्पादन त्याहून वाढवतात. एल्ट्रोम्बोपॅगच्या देशी बनावटीच्या गोळ्या आता मिळू लागल्या आहेत. मात्र कॅल्शियममुळे ही गोळी शोषली जात नाही. दूध, दही, ताक, नाचणीची भाकरी यांच्या आधी किमान दोन तास किंवा नंतर किमान चार तास अंतर ठेवावे लागते. ‘औषध लागू पडले नाही’ असे सांगणाऱ्याला आम्ही आधी विचारतो, गोळी कशाबरोबर घेता? सकाळच्या चहाच्या दुधाने महागडे औषध वाया गेल्याचे प्रसंग येतात. महाभक्षी पेशींतील संदेशवहन रोखणाऱ्या रिल्झाब्रुटिनिबला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली. आमच्या सामान्य रुग्णांच्या आवाक्यात असे औषध येण्यास वेळ लागेल.

खर्चाचा प्रश्न धर्मादाय रुग्णालयाला टाळता येत नाही. इम्युनोग्लोब्युलिन हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून तयार होते आणि त्याची मात्रा वजनानुसार ठरते. एक किलोला एक ग्रॅम धरले, तरी पन्नास किलोच्या रुग्णाला एका वेळी पन्नास ग्रॅम लागतात. निर्धन रुग्ण निधीतून हा भार उचलताना आम्ही आकडा पाहत नाही. रक्त कोठून येते आहे, ते पाहतो. तोंडात रक्ताचे फोड आलेली, लघवीतून वा शौचावाटे रक्त जाणारी, डोके असह्य दुखणारी, प्रसूतीच्या वा शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर असलेली व्यक्ती प्रथम. अंगावर केवळ ठिपके असलेल्याला घरी पाठवताना त्याच्या हाती एक कार्ड दिले जाते. त्यावर विकाराचे नाव, रक्तगट, टाळावयाची वेदनाशामके आणि कोणत्या लक्षणांनंतर विलंब न करता, रात्र असली तरी, रुग्णालयात यावे, हे मराठीत लिहिलेले असते.